फोटोत नळदुर्ग कुठाय?

गेल्या पावसाळ्यात नातवाबरोबर नळदुर्गचा किल्ला पाहायला गेलो होतो. बोरी नदीला भरपूर पाणी होतं. पाणीमहालावरून नर आणि मादी, दोन्ही धबधबे कोसळत होते. नातवानं मला त्यांच्यासमोर उभं केलं आणि नव्या लेन्सनं फोटो काढला. घरी येऊन पाहतो तर माझ्या भुवईचा केस न् केस दिसतोय आणि मागे सगळं दह्यासारखं पांढरं. नळदुर्ग कुठाय?

"आबा, याला बोके म्हणतात."

मला आधी मांजरंच आठवली. पण शब्द जपानी आहे, अर्थ धूसरपणा. त्याच्या लेन्सवर १.८ असा आकडा आहे. हा आकडा भाजक असतो, म्हणून तो लहान तितकं छिद्र मोठं. मी जन्मभर इतिहास शिकवला, पण एवढं गणित मलाही येतं. ८५ मिलिमीटरच्या लेन्सला १.८ ने भागलं की साधारण ४७ मिलिमीटरचं छिद्र. आठने भागलं की साडेदहा. प्रकाशात फरक जवळजवळ वीसपट! पण दीड मीटरवर उभ्या माणसाचा जेमतेम तीन सेंटीमीटर जाडीचा काप तेवढा स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट, तर कान धूसर.

अंधारात ही लेन्स म्हणजे वरदान, हे मान्य. आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ घातला तेव्हा नातवानं फ्लॅश न वापरता, नुसत्या दिवटीच्या उजेडात गोंधळ्याचा फोटो काढला. संबळावरचा हात धूसर आलाय, पण रात्र रात्रीसारखी दिसते. स्टॅन्ले कुब्रिकनं १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग असेच टिपले. त्यासाठी त्यानं मुळात नासासाठी बनवलेली झाइसची ०.७ ची लेन्स वापरली. गरज होती, म्हणून छिद्र उघडलं.

भर दुपारी ते सताड उघडं कशाला? लेन्स महागाची आहे म्हणून? हल्ली तेरच्या त्रिविक्रम मंदिरापुढे उभे राहा नाहीतर सोलापूरच्या एखाद्या पार्किंगमध्ये, फोटो सारखाच येतो. मग पेट्रोल जाळून तेरला जायचं कशाला, हे मला कोणी सांगावं.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याची कुरकुर. असेल. पण एक फोटो सांगतो.

आमच्या हिचं माहेर लोहारा तालुक्यातलं सास्तूर. १९८६ साली मेव्हण्याचं लग्न झालं, तेव्हा उमरग्याहून फोटोग्राफर आला होता. कडक ऊन आणि तीस माणसांचा ग्रुप, म्हणजे छिद्र बारीकच ठेवलं असणार. त्याला कलाबिला काही साधायची नव्हती, सगळ्यांची तोंडं यावीत एवढंच. पण मागे सगळं आलंय. मातीत रचलेली रुंद दगडी भिंत, लाकडी चौकट, शिडी. आणि वर माळवदावर कुरडया राखत बसलेली हिची चुलती. विधवा म्हणून ती खाली आली नव्हती. कोणी बोलावलंही नसावं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, भूकंप झाला. ते घर पडलं. चुलती त्यात गेली. तिचा दुसरा फोटो कुठंच नाही. त्या घराचाही नाही. त्या माणसाकडे नातवाची लेन्स असती आणि त्यानं ती अशीच उघडी ठेवली असती, तर नवरा-नवरी तेवढी सुरेख आली असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की एक फोटो हवा तसा काढा, पण दुसरा आठवर, अकरावर काढा. त्याला पैसे पडत नाहीत. आम्ही ३६ फोटोंचा रोल सणासणाला पुरवत होतो.

परवा नातवाला तो फोटो दाखवला. त्यानं मोबाईलवर त्याचा फोटो घेतला, बोटांनी मोठा केला आणि माळवदाच्या कोपऱ्यावर थांबला.

"आबा, या वरच्या बाई कोण?"