शस्त्र उचलण्यापूर्वी

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तांत प्रसिद्ध केला. इंग्रज फौजेतील कावसजी या मराठा गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. वीटकाम करणाऱ्या ज्ञातीतील एका वैद्याने मेणाचा साचा घेऊन कपाळाची कातडी सोडवली आणि ती नाकाच्या जागी बसवली. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने हीच पद्धती लंडनमध्ये यशस्वी केली.

सुश्रुताच्या नासासंधानाशी नाते सांगणाऱ्या या घटनेचा सार्थ अभिमान बाळगला जातो. तिचे मर्म मात्र क्वचितच सांगितले जाते. त्या वैद्याने भुवयांमध्ये कातडीची एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली होती. तिच्यातून रक्त वाहत राहिले, म्हणूनच नवे नाक जगले.

आज जबड्याच्या कर्करोगानंतर मांडीवरील त्वचा गालावर आणली जाते. तिला जगवणाऱ्या सूक्ष्म धमन्या स्नायूंमधून वर येतात. त्यांची जागा प्रत्येक शरीरात वेगळी असते, एकाच माणसाच्या दोन मांड्यांतही सारखी नसते. अंदाज चुकला तर रोपलेली त्वचा काळी पडते आणि रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. हाती धरावयाच्या साध्या डॉप्लरने रक्तप्रवाहाचा ध्वनी ऐकू येतो, परंतु धमनीची जाडी व मार्ग कळत नाही. रंगीत डॉप्लर सोनोग्राफीत हे सर्व पडद्यावर दिसते आणि त्वचेवर आधीच खूण करता येते. त्यासाठी सी.टी. अँजिओग्राफीप्रमाणे किरणोत्सर्ग वा रंगद्रव्याचे इंजेक्शन लागत नाही. हात मात्र सरावाचा हवा.

सोलापूरसारख्या नगरीत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. तंबाखू व माव्याने पोखरलेली तोंडे, मधुमेहाने चिघळलेले पाय, पुणे-हैदराबाद महामार्गावरील अपघात, हे सारे येथील रुग्णालयांच्या दारी येते. यंत्रमाग कामगाराला किंवा विडी वळणाऱ्या भगिनीला दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि बुडालेली मजुरी परवडत नाही. १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या या जन्मगावी अशी पूर्वतपासणी नित्याची व्हावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

सोनोग्राफी यंत्राभोवती कायद्याची कडक चौकट आहे आणि ती योग्यच आहे. गर्भलिंगनिदानाचे पाप रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये व केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. त्यात तसूभरही शिथिलता नको. नोंदणीकृत केंद्रातच क्ष-किरणतज्ज्ञ व सुघटन शल्यविशारद यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एकत्र बसून तपासणी केली, तर कायदाही पाळला जाईल आणि रुग्णाचेही हित साधेल.

पूर्वजांचा केवळ जयघोष केल्याने त्यांचे ऋण फिटत नाही. पुण्याच्या त्या अनाम वैद्याने रक्ताची वाट जपली. आज ती डोळ्यांनी पाहता येत असताना अंदाजावर विसंबणे त्याच्या वारसांना शोभणारे नाही.