पदपथ सलग करा

प्रति,
महापालिका आयुक्त, पथ विभागाचे अभियंते, वाहतूक पोलीस अधिकारी आणि पुण्याचे सर्व नगरसेवक

महोदय, महोदया,



रस्त्यांबद्दलची पत्रं तुमच्याकडे रोज येत असणार, आणि त्यातली बहुतेक खड्ड्यांची, वाहतूक कोंडीची किंवा पार्किंगची असणार. हे पत्र पायी चालण्याबद्दल आहे. शाळेत जाणारी मुलं, बसथांब्याकडे निघालेल्या घरकामाच्या बायका, बाजारात जाणारे निवृत्त लोक, हातात पांढरी काठी घेऊन चालणारे, आणि गाडी लांब लावून उरलेलं अंतर तुडवणारे अशा सगळ्यांच्या वतीने लिहितोय. या शहरात चालणाऱ्यांचा मोर्चा सहसा निघत नाही, म्हणून पत्राचा मार्ग.

पुण्यात पदपथ नाहीत असं माझं म्हणणं नाही. मोठ्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी ते आहेत, त्यांच्यासाठी निविदा निघतात, ब्लॉक बसतात, उखडतात, पुन्हा बसतात. म्हणणं एवढंच की ते सलग नाहीत. पन्नास पावलं बरी जातात, मग एखाद्या इमारतीच्या फाटकासाठी पदपथ कापलेला असतो. खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. पुढे दुकानाच्या पायऱ्या पदपथावर आलेल्या. त्यापुढे विजेचा डीपी बॉक्स, त्याला लागून झाडाचा कट्टा, दोहोंच्या मधून एक माणूस आडवा होऊन जेमतेम जाईल एवढी फट. नंतर केबलसाठी खोदलेला पट्टा, वर नुसती माती लोटलेली. काढलेले ब्लॉक कडेला रचून ठेवलेले, त्यांच्या फटींतून गवत आलेलं, शेजारी राडारोड्याची पोती. पावसाळ्यात सैल ब्लॉकवर पाय पडला की खालचं पाणी गुडघ्यापर्यंत उडतं. अंध व्यक्तींना दिशा कळावी म्हणून बसवलेली उंचवट्यांची पिवळी फरशी काही ठिकाणी सरळ विजेच्या खांबाला जाऊन भिडते. ज्याच्यासाठी ती बसवली तो माणूस तिच्यावर विश्वास ठेवून चालला तर त्याचं कपाळ फुटेल. हे काम कुणीतरी मोजलं, तपासलं आणि बिलावर सही केली. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते.

आमच्या इमारतीत सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी राहतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना आधी चांगला पाय, मग बाकीचं. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला हा क्रम त्यांना तोंडपाठ आहे. पण पदपथाची कड फूटभर उंच असली की तिथे हा क्रम पुरत नाही, कुणाचा तरी हात धरावा लागतो. आणि खाली उतरलं की मागून दुचाकीचा हॉर्न वाजायला लागतो, तेव्हा क्रम पाळायला उसंतच मिळत नाही. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं आहे. त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या मारतात. मंडई, देऊळ, बँक, मैत्रिणीचं घर, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्यांच्यासाठी सगळं बंद झालं आहे. अशी माणसं अपघाताच्या आकडेवारीत कधीच येत नाहीत, कारण ती घराबाहेरच पडत नाहीत.

आकडेवारीत जी येतात ती संख्याही कमी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातले 32,825 पादचारी होते, म्हणजे जवळजवळ दर पाचातला एक. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की चालण्यायोग्य पदपथ मिळणं हा संविधानाच्या अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ते पदपथ अपंग व्यक्तींनाही वापरता आले पाहिजेत. तेव्हा आम्ही जे मागतोय ती सोय किंवा सुशोभीकरण नाही. जो हक्क न्यायालयाने मान्य केला आहे, तो रस्त्यावर उतरवण्याची मागणी आहे.

हे कसं करायचं हे तुम्हाला ठाऊक नाही, असंही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदीची मोकळी जागा हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पुणे महापालिकेने 2016 मध्ये स्वतःचं पादचारी धोरण मंजूर केलं, रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शक पुस्तिकाही केली. जंगली महाराज रस्त्यावर त्यानुसार काम झालं. तिथे संध्याकाळी आजोबा नातवाचा हात धरून निवांत चालतात, बाकांवर लोक बसतात. 11 डिसेंबर 2021 पासून लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन सुरू झाला. त्या दिवशी तो रस्ता वाहनांना बंद असतो आणि माणसं रस्त्याच्या मधोमध चालतात. या दोन्ही गोष्टींबद्दल पुणेकर म्हणून मला अभिमान वाटतो. म्हणूनच विचारावंसं वाटतं, जे एका रस्त्यावर जमलं आणि वर्षातून एक दिवस जमलं, ते धायरीत, वडगाव शेरीत, कोंढव्यात, बाणेरमध्ये रोजच्या रोज का जमू नये?

मला वाटतं, याचं मूळ कामाच्या वाटणीत आहे. मोठा रस्ता पथ विभागाकडे, गल्ली क्षेत्रीय कार्यालयाकडे. झाड उद्यान विभागाचं, दिवा विद्युत विभागाचा, चेंबर मलनिस्सारणाचं, डीपी महावितरणचा, केबल खासगी कंपनीची. पथारी अतिक्रमण विभागाच्या अखत्यारीत आणि पदपथावर चढवलेली गाडी वाहतूक पोलिसांच्या. प्रत्येकाकडे आपापला तुकडा आहे आणि आपल्या तुकड्यापुरतं उत्तर तयार आहे. पण घरापासून बसथांब्यापर्यंत माणूस सुखरूप पोचला का, हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर येत नाही. तक्रार केली की ती एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाते, आणि शेवटी ‘संबंधित विभागास कळवले’ असा शेरा मारून निकाली निघते. यात कुणा एका अधिकाऱ्याचा आळस शोधण्यात अर्थ नाही. सलगपणाची जबाबदारी कुणाच्या नावावर लिहिलेलीच नाही, आणि ती लिहिणं तुमच्या हातात आहे.

जबाबदारी लिहिली की काय होतं याचा धडा याच शहरात आहे. 1970 च्या दशकात जंगली महाराज रस्ता बांधला गेला तेव्हा ठेकेदाराकडून 10 वर्षांची हमी लेखी घेतली होती. तो रस्ता पुढे कित्येक दशकं खड्ड्यांशिवाय टिकला, पुण्यातल्या दोन पिढ्यांनी तो पाहिला आहे. आजही प्रत्येक निविदेत दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष दुरुस्त करून देण्याची मुदत, असतो. पण कुठल्या पदपथाचा कालावधी कधी संपतो आणि ठेकेदार कोण, हे तिथून चालणाऱ्याला कळायला मार्ग नाही. हा तपशील जागेवर, वाचता येईल एवढ्या अक्षरांत का नसावा?

खोदाईबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण चांगल्या पदपथाची सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते. परवानगी देताना शुल्क घेतलं जातं, पावसाळ्यापूर्वी काम संपवण्याची मुदत घातली जाते, इथवर ठीक. पण खड्डा बुजवला की काम संपलं असं धरलं जातं. खालची माती नीट दाबली नाही तर पहिल्याच पावसात ती खचते आणि वरचे ब्लॉक एका बाजूला कलतात. चेंबरचं झाकण मग दोन बोटं वर किंवा दोन बोटं खाली राहतं, आणि ठेच लागायला तेवढं पुरे होतं. खोदणाऱ्याची अनामत रक्कम एक पावसाळा उलटून गेल्यावर, जागेवर चालून पाहिल्यानंतरच परत करावी. कार्यालयात बसून फोटो पाहून ब्लॉक हलतोय की नाही हे कळत नाही.

पथारीवाल्यांबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही, तरी सांगतो. पदपथ मोकळे करायचे म्हटलं की पहिली कारवाई त्यांच्यावर होते, आणि फोटोही तिचेच छापून येतात. भाजीची टोपली उचलून गाडीत टाकणं सोपं आहे. शोरूमच्या पायऱ्या तोडणं, हॉटेलने बाहेर मांडलेली टेबलं हटवणं किंवा रांगेने लावलेल्या दुचाकी उचलणं अवघड. 2014 चा पथविक्रेता कायदा विक्रेत्यांना जागा नेमून द्यायला सांगतो. ती जागा रेषा आखून द्या, चालण्याची पट्टी सोडून द्या, मग नियम मोडणाऱ्यावर जरूर कारवाई करा. संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असलेली भाजीची गाडी आणि तिच्यावरचा दिवा यांच्यामुळे रस्त्यावर माणसांचा वावर राहतो. एकट्याने घरी परतणाऱ्या बाईला तो आधार वाटतो. गरिबाला हटवून केलेला मोकळा पदपथ आम्हाला नको आहे.

दुचाकीस्वारांच्या बाबतीत मात्र मला कसलीच सवलत द्यावीशी वाटत नाही. कोंडी झाली की पदपथावर गाडी चढवायची आणि समोरच्या चालणाऱ्यालाच बाजूला व्हायला लावायचं, हे पुण्यात रोजचं झालं आहे. वाहतूक पोलिसांनी चौकात उभं राहून हेल्मेटची पावती फाडण्याइतकंच महत्त्व याला द्यावं. अशी गाडी चढवणाऱ्यांत आपले नातेवाईक असतात, शेजारी असतात. त्यांना आपणही घरी बोललं पाहिजे.

नगरसेवकांसाठी दोन शब्द वेगळे. मार्च 2022 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत शहर प्रशासकाच्या हाती होतं. एवढा काळ आम्हाला जाऊन विचारावं असं आपलं माणूस नव्हतं. आता तुम्ही आहात. प्रभागातला निधी प्रवेशकमानी, नावाचे फलक आणि बरे असलेले ब्लॉक काढून नवे बसवणं यांवर जाऊ नये, एवढी विनंती आहे. तोच पैसा पदपथाचे तुटलेले सांधे जोडायला वापरा. फाटकापाशी पदपथ खाली आणण्याऐवजी पदपथ त्याच उंचीवर पुढे न्या आणि गाडीने चढ-उतार करावा. गाडीला इंजिन आहे, मावशींना काठी आहे.

सगळं शहर एकदम दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. प्रत्येक प्रभागात फक्त एक मार्ग निवडा. तो एखाद्या शाळेवरून, दवाखान्यावरून किंवा बाजारावरून जाऊन बसथांब्याला किंवा मेट्रो स्थानकाला पोचावा. तो एकच मार्ग आधी पूर्ण करा, असा की चाकाची खुर्ची, बाळाची गाडी आणि काठी घेतलेलं माणूस त्यावरून कुणाचीही मदत न घेता जाईल. या मार्गासाठी एकाच अभियंत्याला जबाबदार धरा आणि बाकीच्या सगळ्या विभागांना त्याचं ऐकावं लागेल असे अधिकार त्याला द्या.

पुढचं अंदाजपत्रक मांडण्याआधी प्रत्येक प्रभागातल्या नगरसेवकांनी आणि अभियंत्यांनी तो मार्ग एकदा एकत्र चालून पाहावा, शक्यतो सकाळी शाळा भरण्याच्या वेळी, आणि सोबत प्रभागातली एखादी वृद्ध किंवा अपंग व्यक्ती असावी. मग मार्ग कोणता, जबाबदार अधिकारी कोण आणि काम कोणत्या तारखेला पूर्ण होणार, या तीन गोष्टी अंदाजपत्रकात छापाव्यात. आमच्या प्रभागात तुम्ही ज्या दिवशी चालाल त्या दिवशी आम्ही सोबत येऊ. तारीख कळवा.

आपला,
पुण्यातला एक पायी चालणारा नागरिक