रुमाल बांधला होता, तरी विषबाधा कशी झाली?

कपाशीच्या फवारण्या सुरू झाल्या की दुपारनंतर दवाखान्यासमोर एखादी मोटारसायकल येऊन थांबते. पुढे एक, मागे एक आणि मध्ये धरून बसवलेला रुग्ण. तोंडातून लाळ गळतेय, शर्ट घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सोबतचा सांगतो, "साहेब, चक्कर यायलीय म्हणतोय, दोनदा उलटी झाली. रुमाल बांधला व्हता की नाकाला." तेवढ्यात बाकावर बसलेला कुणी शहाणा बोलतो, "मास्क लावायचा ना! यांना कितीही सांगा."

आजचा लेख त्या शहाण्या माणसासाठी आहे. तो नेकनूरच्या बाकावर भेटतो, तसा टीव्हीवरच्या चर्चेतही भेटतो.

आधी रुमालाचं बघू. कापडाच्या विणीतली छिद्रं फवाऱ्याच्या बारीक थेंबांपुढे खिडकीएवढी असतात. वर तो रुमाल तासाभरात औषधाने ओला होतो. (विषाला आपण 'औषध' म्हणतो, इथूनच घोळ सुरू होतो.) मग ओठांना आणि नाकाला विषात भिजलेली घडी चिकटलेली राहते, आणि त्याच रुमालाने माणूस कपाळाचा घाम पुसतो. असा रुमाल बांधण्यापेक्षा न बांधलेला बरा.

आता मास्क. दवाखान्यात आम्ही लावतो तो निळा मास्क समोरच्याला आमच्या थुंकीपासून वाचवण्यासाठी असतो. त्याच्या कडा गालाला चिकटत नाहीत, हवा बाजूने आत येते. ज्याच्या कडा चेहऱ्याला घट्ट बसतात आणि सगळी हवा गाळणीतूनच आत येते, त्याला रेस्पिरेटर म्हणतात. कोरोनात सगळ्यांना माहीत झालेला एन-९५ हा त्यातलाच एक. तो धूळ आणि बारीक थेंब अडवतो, पण वाफ अडवत नाही. कीटकनाशकाच्या वाफेसाठी कोळशाची गाळणी, म्हणजे कार्ट्रिज असलेला रबरी रेस्पिरेटर लागतो, आणि फवारणीसाठी त्या कार्ट्रिजवर थेंब अडवणारी गाळणीही लागते. गेल्या पावसाळ्यात एका रुग्णाने मला कार्यक्रमात वाटलेलं 'सुरक्षा किट' दाखवलं. त्यात एकपदरी कागदी मास्क आणि हात घालताच फाटणारे हातमोजे होते. वाटणाऱ्यांचे फोटो मात्र छान आले असतील.

पण माझं खरं भांडण पुढे आहे. समजा, उत्तम रेस्पिरेटर दिला. तरी फवारणाऱ्याच्या शरीरात जाणाऱ्या विषाचा मोठा भाग नाकातून जातच नाही, तो कातडीतून जातो. पाठीवरचा पंप बुचाशी गळतो आणि पाठ, कंबर, मांड्या भिजतात. नोझल तुंबलं की माणूस ते तोंडाने फुंकतो. झाकणाने माप घेऊन उघड्या हाताने बादलीत ढवळतो. या सगळ्यात मास्क काय करणार?

यवतमाळचं २०१७ आठवा. त्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले. शेकडो जणांना वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं, काहींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे नळी वर धरून फवारावं लागे आणि सगळा फवारा अंगावर येई. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. हवा दमट, पानांत कोंडलेली. सरकारने तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही घातली. पण लोकांच्या तोंडी काय राहिलं? "काळजी घेतली नाही." म्हणजे मेलेल्याचीच चूक. त्यातले कितीतरी दुसऱ्याच्या रानात रोजाने गेलेले मजूर होते. कोणतं औषध, किती आणि कशात मिसळायचं, हे ठरवणारे ते नव्हतेच.

कायदा याबाबतीत आपल्या शहाण्या माणसापेक्षा शहाणा आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत स्पष्ट लिहिलंय की कारखान्यापासून फवारणीपर्यंत हे विष हाताळणाऱ्याला योग्य संरक्षक कपडे हवेत. विषारी वाफ श्वासात जाऊ नये म्हणून कोणते रेस्पिरेटर चालतील, याची यादीही तिथे आहे: कार्ट्रिजचा, बाहेरून हवा पुरवणारा, डबा जोडलेला गॅस मास्क. त्या यादीत रुमाल नाही आणि कागदी मास्कही नाही. प्रशिक्षणाची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यांवरही टाकली आहे. डब्यावर लाल त्रिकोण असलेलं औषध विकताना "हे घ्या, याच्यासोबत मारा" एवढंच सांगणाऱ्या दुकानदाराने हे नियम एकदा वाचावेत.

"डॉक्टर, दिला तरी लावत नाहीत हो!" असं एक बागायतदार मला म्हणाले. खरं आहे. सप्टेंबरच्या उकाड्यात, पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन रबरी मास्कमधून श्वास ओढून बघा. मी दवाखान्यात पंख्याखाली पंधरा मिनिटं लावून बघितला, नको झालं. म्हणूनच तो शेवटचा उपाय आहे. आधी कमी विषारी औषध निवडा. पंपाचा वायसर बदला. सकाळी लवकर, वाऱ्याकडे पाठ करून फवारा. एकाच माणसाला दिवसभर जुंपू नका. पंपामागे पैसे देता, म्हणून तो विश्रांती घेत नाही. पूर्ण दिवसाची मजुरी ठरवा. एवढं करून मग मास्क द्या.

आणि देताना नीट द्या. दाढी वाढलेली असेल तर कडा बसत नाहीत, हवा आत शिरते. लावल्यावर कार्ट्रिजवर तळहात ठेवून श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला तर बसला, बाजूने हवा आली तर नाही. आत औषधाचा वास आला की कार्ट्रिज संपलं, ते धुऊन किंवा उन्हात वाळवून परत वापरता येत नाही. वास येण्याची वाटही बघू नका, पाकिटावरची मुदत पाळा. काम झाल्यावर मास्क खुंटीला टांगू नका. कोळसा हवेतला ओलावा आणि वाफ शोषतच राहतो, म्हणून कार्ट्रिज घट्ट बंद पिशवीत ठेवा. दमा किंवा हृदयविकार असलेल्याने आधी तपासून घ्यावं. पाणी आणून देणारी, औषध कालवणारी बाई पदर लावून तिथेच उभी असते. तिच्यासाठी दुसरा मास्क आणि हातमोजे कुणी आणतच नाही.

एक गोष्ट मात्र ओरडून सांगतो. जुना आड, गोबरगॅसचा खड्डा, संडासाची टाकी इथे गाळणीचा कोणताही मास्क लावून उतरू नका. गाळणी हवा गाळते, प्राणवायू तयार करत नाही. हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो; तो साडेएकोणीसच्या खाली गेला की गाळणीचा मास्क चालत नाही. आत बेशुद्ध पडलेल्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच पडतो. तिथे बाहेरून हवा पुरवणारं साधन असलेले प्रशिक्षित लोकच हवेत.

विषबाधा झालीच तर कपडे लगेच काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत आणा. ॲट्रोपिन माझ्याकडे आहे, पण डब्यावरचं नाव कळलं तर पुढचे उपचार आणि कुठे पाठवायचं ते लवकर ठरतं.

इतकी वर्षं मी केसपेपरवर 'मास्क वापरला नव्हता' असं लिहीत आलो. यंदापासून ते बंद केलं. आता लिहितो: औषधाचं नाव, रान कुणाचं, किती पंप मारले, पंप गळत होता का, आणि मास्क कुणी दिला होता. शेवटच्या रकान्यात या हंगामात आतापर्यंत प्रत्येक वेळी एकच शब्द आला आहे: कुणीच नाही.