प्लेटलेटच्या आकड्यामागे धावणं आता बास करा

पावसाळा आला की ग्रुपवर मेसेज सुरू. "अर्जंट! पेशंटच्या प्लेटलेट ४० हजारांवर, डोनर पाहिजे." मग धावाधाव, उसनवारी, ब्लड बँकेबाहेर रात्र. स्पष्टच बोलतो, राग आला तरी चालेल: यातली बरीचशी धावपळ फुकटची आहे. आणि लक्ष जिथं हवं तिथं कुणाचंच नाही.

निरोगी माणसाच्या प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. डेंग्यूत अस्थिमज्जेत त्या कमी तयार होतात आणि रक्तातल्याही नष्ट होतात. म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसात आकडा पडणारच. पुढे तो आपोआप चढतो. श्रेय मात्र पपईच्या पानाला आणि किवीला!

सिंगापूर-मलेशियात प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी असलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांचा अभ्यास झाला, २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. प्लेटलेट चढवलेल्यांत रक्तस्राव २१ टक्के, न चढवलेल्यांत २६ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक ठोस नाही. उलट चढवलेल्यांनाच इतर त्रास जास्त झाला. आपल्या केंद्र सरकारच्या सूचनाही सांगतात की रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली गेल्यावरच विचार करा. मग ४० हजाराला पिशवी कशासाठी? रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टर सांगतील ते करायचंच.

खरा धोका दुसराच आहे. ताप उतरतो, घरचे म्हणतात "सुटलो बुवा", आणि नेमक्या त्याच २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. बीपी पडतं, माणूस शॉकमध्ये जातो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, प्रचंड गळाठा यातलं काही दिसलं तर प्लेटलेट लाखभर असल्या तरी दवाखाना गाठा. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट नावाची ओळ असते. ती चढतेय का, हे डॉक्टरांना विचारा. आणि अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन परस्पर घेऊ नका.

आता आपल्या पुढाऱ्यांचं. रक्तदान शिबिराचा फ्लेक्स पंधरा फुटी, पण वॉर्डात आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळला जातो का, हे बघायला कुणी फिरकत नाही. अहो, अंड्यातून डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस लागतात. टाकी, पिंप, कुंडीखालची ताटली दर आठवड्याला कोरडी केली तर त्याची पैदासच थांबते. याला डोनर लागत नाही.

पाणी रोज येत नाही म्हणून लोक पिंपं भरून ठेवतात, हेही खरंच. मग झाकणं लावा आणि रोज पाणी का येत नाही, हा जाब नगरसेवकाला विचारा. पुढच्या वेळी "प्लेटलेट पाहिजेत" फॉरवर्ड कराल तेव्हा रक्तस्राव आहे का, एवढं तरी आधी विचारा.