‘ढ’ म्हणण्याआधी



संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्या कोणत्याही वस्तीतून एक चक्कर मारा. लोणावळ्यात मारा, कामशेतला मारा, नाही तर वडगावला. कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीचा आवाज, आणि त्यातच कुठल्या तरी घरातून हमखास ऐकू येते, “किती वेळा सांगायचं तुला?” पाठोपाठ चपराक आणि मग पोराचे रडणे. त्या घरात गृहपाठ चाललेला असतो.

हे मी दुसऱ्यांवर टीका करण्यासाठी लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात अशी एक चपराक मी स्वतः मारली आहे.

माझा भाचा तेव्हा चौथीत होता. बहीण चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, मेहुणे रिक्षा चालवतात. “दादा, तू बी. कॉम. झालास, ह्याला जरा गणित दाखव ना,” असे बहीण म्हणाली. ऑफिस सुटल्यावर लोकलने उतरलो तो थेट तिच्या घरी गेलो. वही काढायला लावली आणि म्हटले, “लिही, तेवीस.” त्याने ३२ लिहिले. पुन्हा सांगितले, पुन्हा ३२. मग “एकोणतीस” सांगितले, तर ३९. दिवसभर आकड्यांत डोके घालून बसणारा मी कारकून, माझा हात उठला. पोरगा रडला नाही. खाली मान घालून एवढेच म्हणाला, “मामा, मी ढ आहे. शाळेत पण म्हणतात.”

त्या रात्री मला जेवण गेले नाही. कारण मेहुण्यांच्या दिवसभराच्या धंद्याची चिल्लर हाच पोरगा मोजतो. दहाच्या नोटा वेगळ्या, वीसच्या वेगळ्या, नाणी वेगळी. त्यात तो कधी चुकत नाही. ज्याला पैसे मोजता येतात त्याला गणिताची बुद्धी नाही, असे कसे म्हणणार?

तेवीसचे बत्तीस का होतात?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’, ‘बासष्ट’बरोबर ‘साठ दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. विधिमंडळापासून पानाच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी थट्टा केली. मीही केली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या की, आपण मराठीत बोलताना एकक आधी आणि दशक नंतर म्हणतो, लिहिताना मात्र दशक आधी लिहितो, आणि लहान मुले इथे अडखळतात. मंगलाताई २०२३ साली गेल्या. त्यांचे म्हणणे मला कळले ते भाच्याच्या वहीवर.

‘तेवीस’ शब्दात ‘ते’ म्हणजे तीन आधी ऐकू येतो. पोरगा ऐकतो तसे लिहितो, तीन आणि दोन. ‘एकोणतीस’ म्हणजे एक कमी तीस. त्या शब्दात एक वजाबाकीच लपलेली आहे. पोराला ‘तीस’ ऐकू येतो आणि पुढे नऊ लिहायचे आहे एवढे आठवते, झाले ३९. बहुतेक मुले दुसरी-तिसरीत हा अडथळा ओलांडतात. काही मुलांचा पाय तिथेच अडकतो, कितीही पाठांतर करून घेतले तरी.

अशा मुलांच्या अडचणीला ‘अध्ययन अक्षमता’ म्हणतात. कुणाला वाचण्यात, कुणाला लिहिण्यात, कुणाला आकड्यांत, तर कुणाला तिन्हींत. बुद्धी चारचौघांसारखीच असते, पण मेंदू अक्षरे आणि अंक ओळखण्याचे काम वेगळ्या रीतीने करतो. ‘ब’ आणि ‘व’, ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळ, वेलांटी-मात्रा गळणे, जोडाक्षर आले की थांबणे, ओळ सोडून खालच्या ओळीवर जाणे, फळ्यावरचे उतरवून घ्यायला सगळ्यांच्या दुप्पट वेळ लागणे आणि तोंडी मात्र सगळे येणे, ही त्याची लक्षणे. कधीमधी अशा चुका सगळीच मुले करतात. पण वर्षे गेली तरी त्याच चुका राहिल्या, तर लक्ष द्यावे. हे अनेकदा घराण्यात चालत येते. माझे मेहुणे आजही पेपर वाचायचे टाळतात. “मला पण असंच व्हायचं,” असे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. त्यांनी सातवीतच शाळा सोडली होती.

एक महत्त्वाची गोष्ट. आधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. कित्येकदा चष्म्याची गरज असते आणि आपण मूल आळशी समजून बसतो.

घरी काय करावे?

गेल्या वर्षभरात आम्ही घरी जे केले, ते सांगतो. खर्च जवळजवळ काही नाही.

शाळेतून आल्या आल्या अभ्यासाला बसवू नका. खाऊ द्या, खेळू द्या. मग टीव्ही बंद करून पंधरा मिनिटे बसवा, पाच मिनिटे उठू द्या, पुन्हा पंधरा मिनिटे. दमलेल्या मुलाला दोन तास बसवून ठेवले की फक्त भांडण होते.

संख्येसाठी पैसेच वापरा. तेवीस म्हटले की दहाच्या दोन नोटा आणि एकाची तीन नाणी हातात द्या. आधी नोटा मोजून तो आकडा डावीकडे, मग नाणी मोजून तो उजवीकडे. तोंडाने ‘वीस आणि तीन, तेवीस’ असे म्हणू द्या. एकोणतीससाठी दहाच्या तीन नोटा द्या आणि त्यांतला एक रुपया परत मागा. नोट मोडावी लागते, तेव्हा ‘एकोण’चा अर्थ त्याला आपोआप कळतो. वही चौकटीची घ्या, म्हणजे एककाखाली एकक येईल.

अक्षरांसाठी ताटात रवा किंवा तांदळाचे पीठ पसरा आणि बोटाने मोठे अक्षर गिरवू द्या, तोंडाने उच्चार करीत. ‘ब’ आणि ‘व’ एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्के झाले की आठवड्याने दुसरे. वाचताना ओळीखाली पट्टी किंवा जुनी पत्रिका धरा, म्हणजे ओळ सुटत नाही.

एका वेळी एकच चूक सुधारा. उत्तर बरोबर असेल आणि शुद्धलेखन चुकले असेल तर आधी उत्तराबद्दल शाबासकी द्या. सगळे पान लाल केले तर पोराला आपले काय बरोबर होते तेच कळत नाही. गृहपाठ तुम्ही करून देऊ नका, पण प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

ज्या आईवडिलांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनी मागे राहू नये. धडा मोठ्या भावंडाकडून मोबाईलमध्ये बोलून घ्या आणि मुलाला ऐकवा. नंतर भाकरी करता करता विचारा, “काय होतं रे त्या धड्यात?” त्याने आपल्या शब्दांत सांगितले की अर्धा अभ्यास झाला. माझी बहीण हेच करते.

शाळेत आणि सरकारदरबारी

गुरुजी-बाईंना भेटायला भांडायच्या तयारीने जाऊ नका. वही घेऊन जा, चुका दाखवा आणि नेमके मागा: पुढे बसवा, काही प्रश्न तोंडी विचारा, फळ्यावरचे लिहायला थोडा वेळ जास्त द्या, गृहपाठ निम्मा द्या. शाळेतून दाद मिळाली नाही तर मावळातल्या पालकांनी वडगावच्या पंचायत समितीतील शिक्षण विभागात जावे आणि समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांची चौकशी करावी.

हा उपकार नाही, हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ स्पष्ट लिहिलेली आहे. आपल्या राज्यात तर १९९६ पासूनच दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळू लागल्या. जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर अशा त्या सवलती असतात. त्यासाठी तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळावे लागते, आणि ते आठ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते. वाचनाची तपासणी मराठीतही होऊ शकते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये तयार केलेल्या चाचण्यांत हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. म्हणून “मुलाला इंग्रजी येत नाही, कसं तपासणार?” असे कुणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. पुण्याला जायचे म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी फोनवर दिवस, वेळ आणि कागदपत्रे विचारून घ्या आणि शाळेचे पत्र बरोबर न्या. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

आपल्या घरी हे जास्त का जपावे?

‘ढ’ हा शिक्का आपल्या मुलांवर लवकर बसतो. पूर्वी तो जातीवरून बसत असे, आणि आजही कुणाच्या तरी मनात “ह्यांच्यात असंच असतं” हे असतेच. घरच्यांनीही तोच शब्द वापरला तर मुलाने जायचे कुठे? लोणावळ्यासारख्या गावात शाळा सोडलेल्या पोराला सीझनमध्ये हॉटेलात काम लगेच मिळते. पैसे दिसतात आणि शिक्षण तिथेच संपते.

आणखी एक सांगतो. “बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुला एक तास बसवत नाही?” असे आपण मुलांना सुनावतो. मीही सुनावले होते. बाबासाहेबांचे नाव मुलाला उभे करण्यासाठी घ्यावे, खाली बसवण्यासाठी घेऊ नये. ‘शिका’ हा आदेश जसा मुलाला आहे, तसा तो शिकवणाऱ्यालाही आहे. पोर एका रीतीने शिकत नसेल तर दुसरी रीत आपण शिकली पाहिजे.

माझी एक सूचना आहे. आपल्या विहारात रविवारी तासभर कॉलेजच्या मुलामुलींनी लहानांना धडे मोठ्याने वाचून दाखवावेत. परीक्षा नाही, नंबर नाही. ज्याला वाचता येत नाही त्याने नुसते ऐकावे.

भाचा आता पाचवीत आहे. जोडाक्षरे अजून चुकतात, पाढे सातापर्यंतच येतात. चमत्कार काही झालेला नाही. पण मागच्या रविवारी मी गेलो तर त्याने स्वतःहून वही पुढे केली आणि म्हणाला, “मामा, एकोणसत्तर घाला.” मी घातले. तो थोडा वेळ बोटांवर नोटा मोजल्यासारखे करीत राहिला आणि मग सावकाश ६९ लिहिले. मी त्याची माफी मागितली, त्या चपराकेबद्दल. तो लाजून आईच्या मागे गेला.

आपण मोठ्यांनी माफी मागायलाही शिकले पाहिजे.

जयभीम.