नागरिकशास्त्रात पाडा कुठं आहे?

आपल्या पाड्यावरच्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, गावाचा कारभार कोण बघतं? ते हात बांधून उभं राहील आणि सांगेल, ग्रामपंचायत. तिच्यावर पंचायत समिती, तिच्यावर जिल्हा परिषद. उत्तर बरोबर, मार्कही मिळतात. आता त्यालाच विचारा, आपल्या पाड्याची सभा कोणती, ती काय ठरवू शकते? ते तुमच्या तोंडाकडं बघत राहील. त्यात पोराची चूक नाही. पुस्तकातल्या गावाला चावडी असते, पार असतो, मधोमध देऊळ असतं. टेकाडाच्या या अंगाला दहा घरं, ओहळाच्या पलीकडं पंधरा, अशी वस्ती त्या चित्रात येतच नाही.

कायद्यात मात्र ती आली आहे. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, पण अनुसूचित क्षेत्राला ती आपोआप लागू नव्हती. भूरिया समितीच्या अहवालानंतर डिसेंबर १९९६ मध्ये संसदेनं आपल्यासाठी वेगळा कायदा केला. त्यात गाव म्हणजे एखादी वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथं लोक आपल्या रीतीभातीप्रमाणं आपला कारभार चालवतात. अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा. बेकायदा गेलेली आदिवासीची जमीन परत मिळवून द्यायचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडं आणि पंचायतीकडं यावी, असं त्यात लिहिलं आहे. जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करायची. (हा 'किंवा' आपल्याला फार नडतो. त्यावर वेगळं लिहावं लागेल.)

एवढं सगळं असताना शाळेत लोकशाही शिकवतात कशी? मंत्रिमंडळ करून. वर्गात चिठ्ठ्या टाकतात, एक पंतप्रधान, एक आरोग्यमंत्री, एक सफाईमंत्री. दुसऱ्या दिवसापासून सफाईमंत्री झाडू मारतो आणि पंतप्रधान गुरुजींसाठी पाण्याची कळशी आणतो. पोरं निवडणूक शिकतात हे खरं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण निवडून दिलेल्याला जाब विचारायचा असतो, हिशेब मागायचा असतो, हा धडा राहून जातो. आणि आपल्याला नडतं ते नेमकं तिथंच.

ग्रामसभा कशी होते ते आपण बघतोच. ग्रुप ग्रामपंचायतीच्या गावात सभा, लांबच्या पाड्यांवर निरोप पोचत नाही. मग ग्रामसेवक बुक घेऊन घरोघर फिरतो. कोऱ्या पानावर सह्या, अंगठे. ठराव मागाहून लिहिला जातो. कुठं तो रस्त्याचा असतो, कुठं जमीन द्यायला आमची हरकत नाही असा. अंगठा देणाऱ्या बाईच्या घरातच तिसरी-चौथीत शिकणारी नात असते. तिला वाचता येतं. पण त्या पानावर काय आहे ते वाचायचं असतं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

काही म्हणतील, पोरांना राजकारणात ओढू नका. ठराव वाचणं हे राजकारण असेल तर नागरिकशास्त्राचं पुस्तक तरी कशाला छापता? आपल्या बापजाद्यांना मत नव्हतं, अक्षरही येत नव्हतं. तरी १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. याच मातीतला लोकशाहीचा हा धडा पोरांना कळायला नको?

भाषेची अडचण आहे, ती लपवू नये. पोरं घरी वारली, कातकरी, कोकणी बोलतात. 'इतिवृत्त', 'गणपूर्ती' हे शब्द त्यांना दगडासारखे लागतात. मोठ्यांनाही लागतात. म्हणून गुरुजींना विनंती आहे, आणि आपल्यात मनापासून शिकवणारे गुरुजी-बाई आहेत, की हा धडा पुस्तक मिटून शिकवा. पाड्याचा नकाशा पोरांकडून जमिनीवर काढून घ्या: कुणाची वरकस कुठं, जंगल कुठं लागतं, पाण्याची जागा कोणती. वर्गात एक सातबारा आणून वाचा. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही, हे १९७४ पासून कायद्यात आहे. ते पोरांना त्यांच्या बोलीत सांगा.

संघटनेच्या साथींनीही शाळेवर सगळं ढकलू नये. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की पोरांना खाऊ देऊन घरी पाठवू नका, ग्रामसभेत बसवा. त्यांना मत नाही, पण ऐकायला कोण अडवणार? मागच्या सभेचे ठराव त्यांच्यातल्या एखाद्या पोरीला मोठ्यानं वाचायला सांगा. पोरगी अडखळेल, अडखळू द्या. तिचं वाचून होईपर्यंत अंगठ्याची शाई बाजूला ठेवा. ज्या पाड्यांवर हे होईल त्यांनी पुढच्या अंकासाठी चार ओळी लिहून पाठवाव्यात. पोरांनीच लिहिल्या तर जास्त बरं.