इंजिन की भरती?

बागमांडल्याहून बाणकोटच्या खाडीने, सावित्रीतून थेट दासगावपर्यंत पिंपांच्या तराफ्यावरून जायचा आमच्या वर्गमित्रांचा बेत आहे. इंजिन जेमतेम, म्हणून वर्गणी वाढवून मोठे घ्यावे असा बहुमताचा सूर. मला हे पटत नाही. एके काळी याच खाडीने गलबते आत येत, ती काय इंजिनावर?

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण तासांत मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पुनवेला दुपारच्या सुमारास. पुनवेला सकाळी सहाला भरती लागताच निघावे, पाणीच तराफा आत नेईल. ओहोटी लागली की वाटेत आंबेतला नांगर टाकून खुशाल भाकरी सोडावी. ओहोटीशी भांडून नुसते तेल जळते. अष्टमीला मात्र भांगाचे पाणी, त्याला ओढ नाही. पावसाळ्यात तर नकोच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये याच नदीच्या पुरात महाडजवळचा पूल गेला.

हे गणित माझ्या वडिलांचे. ते शाळेत गेले नाहीत, म्हणून बैठकीत कुणी टिपून घेतले नाही. भूगोलाच्या पुस्तकात असते तर घेतले असते! वर्गणी मी दिली आहे, पण ती नांगराच्या दोरासाठी.